फुलासारखं खाली येणारं विमान

प्रिय पक्या,

परवा फोनवर तू विचारलंस, फुकट तिकीट मिळालं तर अंतराळात जाशील का, आणि मी चटकन हो म्हणून बसलो. मग रात्रभर तेच डोक्यात. फोनवर तू बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय.

माईक मेलव्हिल आठवतो का? २१ जून २००४, कॅलिफोर्नियातलं मोहावी. साठी ओलांडलेला गडी, त्या वयात आपले बाबा लोक बागेत हास्यक्लब करायचे, आणि हा स्पेसशिपवन नावाच्या खाजगी अंतराळयानात एकटा. दुसऱ्या विमानाच्या पोटाला लटकून १४ किलोमीटर वर, तिथे सोडलं की इंजिन पेटवायचं, इंधन काय तर रबर आणि नायट्रस ऑक्साइड, तोच दाताच्या डॉक्टरचा लाफिंग गॅस! पेटवल्या पेटवल्या यान आधी डावीकडे कलंडलं मग उजवीकडे, तरी पठ्ठ्या पोचला १००.१२४ किलोमीटरवर. अंतराळाची हद्द १०० ची. म्हणजे १२४ मीटर जास्त, आपल्या चाळीपासून नाक्यावरच्या टपरीएवढं! आणि वर जाऊन केलं काय, तर एम अँड एम्सच्या गोळ्या कॉकपिटमध्ये सोडल्या, तरंगतात कशा ते बघायला.

पण मला वेड लावलं ते उतरण्याने. यान बनवणाऱ्या बर्ट रुटानने शेपटी वर दुमडायची सोय केली होती. गच्चीवर आपण बॅडमिंटनचं फूल कसंही हाणलं तरी बूच खाली करूनच यायचं ना, तस्सं ते यान पडायचं, पोट खाली, आपलं आपण सरळ होऊन.

आणि हीच शेपटी पुढच्या यानात नडली. ३१ ऑक्टोबर २०१४, व्हर्जिन गॅलॅक्टिक कंपनीचं एंटरप्राइज. शेपटीचं लॉक आवाजाच्या १.४ पट वेग झाल्यावर काढायचं, सहवैमानिक मायकेल आल्सबरीने काही सेकंद आधीच काढलं, हवेच्या जोराने शेपटी उचलली गेली आणि यानाचे तुकडे. तो गेला, शेजारचा पीटर सीबोल्ड पॅराशूटने वाचला. माणूस चुकला म्हणून फाइल बंद करणं सोपं होतं रे, पण चौकशीवाल्यांनी डिझाइनवरही बोट ठेवलं, की एकाची एक चूक झाली तर काय, हे धरलंच नव्हतं. नंतर लॉक वेळेआधी निघणारच नाही असं केलं. मग फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनीचीच बेथ मोझेस नव्या यानात प्रवाशासारखी मागे बसून गेली आणि वर पट्टा सोडून केबिनभर तरंगून आली. टेस्टिंग म्हणे! अशी ड्युटी आपल्याला कोण देणार.

तर उत्तर हो च आहे, फक्त चढायच्या आधी ते लॉक एकदा डोळ्यांनी बघणार. दिवाळीला येतोयस ना? माळ्यावर फुलांचा डबा सापडला, तीन धड आहेत, बाकीची उंदरांनी खाल्ली.

तुझाच,
बंड्या