किल्ली सापडत नाही म्हणून कुलूपच काढू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

महाविद्यालयांच्या संगणक कक्षांत, ग्रंथालयांत आणि घरोघरी उबुंटू, डेबियन, मिंट या लिनक्स प्रणाली वापरणारे वाढत आहेत. सॉफ्टवेअरची यादी ताजी करणारी ‘एप्ट अपडेट’ ही आज्ञा चालवल्यावर ‘नो पबकी’ (सही तपासायची किल्ली नाही) आणि पुढे सोळा अक्षरी क्रमांक आला की त्यांना बहुधा दोनच उपाय सांगितले जातात. दोन्ही घातक आहेत.

पहिला उपाय म्हणजे सोर्सेसच्या, म्हणजे सॉफ्टवेअर कुठून घ्यायचे ते सांगणाऱ्या, ओळीत ‘ट्रस्टेड=यस’ लिहून सहीची तपासणीच बंद करणे. मग मिररवर (सॉफ्टवेअरची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवर) किंवा वाटेत कोणी पॅकेज बदलले, तरी ते थेट रूटच्या, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने बसते. दुसरा उपाय ‘एप्ट-की अ‍ॅड’. तो सभ्य दिसतो, म्हणून अधिक फसवा. त्याने आलेली किल्ली सामाईक ‘ट्रस्टेड.जीपीजी’ फाइलमध्ये जाते. ज्या रिपॉझिटऱ्यांना (सॉफ्टवेअरच्या साठ्यांना) स्वतःची किल्ली नेमून दिलेली नाही, त्या सगळ्यांसाठी ती चालते. एखाद्या ब्राउझरसाठी घेतलेल्या किल्लीने सही केलेले सिस्टिमचे पॅकेजही एप्ट मग मुकाट्याने स्वीकारते. उबुंटू 22.04 मध्ये याबद्दल इशारा दिसू लागला, डेबियन 13 मधून तर ही आज्ञाच काढून टाकली. किल्ली ‘ट्रस्टेड.जीपीजी.डी’ फोल्डरमध्ये हलवली की इशारा जातो, धोका तसाच राहतो.

योग्य रीत फार अवघड नाही. तक्रार कोणत्या रिपॉझिटरीची आहे हे त्याच ओळीतल्या पत्त्यावरून कळते. किल्ली त्या प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून एचटीटीपीएसने उतरवावी आणि ‘जीपीजी --शो-कीज’ने तिचा चाळीस अक्षरी ठसा (फिंगरप्रिंट) काढून तिथे छापलेल्या ठशाशी पूर्ण ताडावा. शेवटची आठ अक्षरे जुळणे पुरेसे नाही; तेवढी जुळणारी बनावट किल्ली सहज तयार करता येते. मग फाइल ‘/इटीसी/एप्ट/कीरिंग्ज’मध्ये ठेवावी, परवानगी 644 (सर्वांना वाचता येईल अशी) द्यावी आणि सोर्सेसच्या ओळीत ‘डेब’नंतर चौकटी कंसात ‘साइन्ड-बाय=’ लिहून त्या फाइलचा पूर्ण मार्ग द्यावा. आता ही किल्ली त्या एकाच रिपॉझिटरीपुरती राहते.

घोळ होतो तो बारीकसारीक गोष्टींत. ‘बिगिन पीजीपी पब्लिक की ब्लॉक’ने सुरू होणाऱ्या मजकुरी फाइलचे नाव ‘.एएससी’ने संपावे, बायनरी फाइलचे ‘.जीपीजी’ने. उलटसुलट झाले की एप्ट ती फाइल वगळते आणि तीच चूक पुन्हा दाखवते. परवानगी 600 (फक्त मालकाला वाचता येईल अशी) राहिली, तर एप्टचा स्वतःचा कमी अधिकाराचा वापरकर्ता ती वाचू शकत नाही. पत्ता चुकला तर किल्लीच्या नावाखाली ‘पान सापडले नाही’ असे सांगणारे वेबपानच उतरते, म्हणून फाइलची पहिली ओळ डोळ्यांनी पाहावीच. एकच रिपॉझिटरी दोन फाइलींत वेगवेगळ्या ‘साइन्ड-बाय’ने नोंदलेली असेल, तर एप्ट पुढे सरकतच नाही, जुनी नोंद काढावी. ‘एक्सपीकीसिग’ दिसले तर किल्ली आहे, पण तिची मुदत संपली आहे. तिची मुदतवाढ झालेली प्रत घ्यावी. बंद पडलेल्या बॅटरीमुळे घड्याळ काही वर्षे मागे गेलेल्या जुन्या यंत्रांवर सही भविष्यातली वाटून नाकारली जाते, तिथे आधी तारीख दुरुस्त करावी.

कधी दोष वापरणाऱ्याकडे नसतोच. एप्रिल 2025 मध्ये काली लिनक्स या सुरक्षा-चाचणीसाठीच्या प्रणालीच्या चमूने जाहीर केले की रिपॉझिटरीची जुनी सहीची किल्ली त्यांना वापरता येत नाही आणि नवी काढावी लागली आहे. जगभरच्या काली यंत्रांवरचे अपडेट त्यामुळे अडले. तेव्हाही उपाय हाच होता: त्यांच्याच संकेतस्थळावरून नवी कीरिंग (किल्ल्यांची) फाइल घेऊन ठसा ताडणे.

संगणक कक्ष सांभाळणाऱ्यांना विनंती, की एका यंत्राची इमेज (संपूर्ण डिस्कची प्रत) काढून बाकीच्या यंत्रांवर चढवण्याआधी ‘सोर्सेस.लिस्ट.डी’मधली प्रत्येक नोंद उघडून पाहावी. ‘ट्रस्टेड=यस’ राहून गेले असेल, तर ते त्या इमेजबरोबर सगळ्या कक्षात पसरेल.

आपला,
एक लिनक्स व्यवस्थापक, पुणे