आईची पेटी पुन्हा वाजती करणाऱ्या काकांना

ती. काकांना,
साष्टांग नमस्कार.

जिन्यात भेटलात तेव्हा आभार मानले, पण ते मला अपुरे वाटले. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. कुणाच्या घरात अशीच पेटी गप्प पडली असेल, तर त्यांनाही कळू दे.

आईचा डावा खांदा धरला आणि भाता मारणं थांबलं. लालबागच्या भजनी मंडळात इतकी वर्षं साथ करणारी बाई एकादशीला नुसती टाळ घेऊन बसायला लागली. मी ६१ पट्ट्यांचा यूएसबी कीबोर्ड आणला. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स होतं, फ्लुइडसिंथ या वाद्यांचे आवाज काढणाऱ्या प्रोग्रॅममधून आवाजही निघाला. आईने दोन ओळी वाजवल्या आणि हात मागे घेतला. "एक सूर मोठा, एक बारीक. पेटी असं करत नाही गं."

तिचं खरं होतं. पेटीचा आवाज भात्यावर ठरतो, बोटाच्या जोरावर नाही. कीबोर्ड मात्र पट्टी किती वेगाने दाबली तो आकडा पाठवतो, १२७ पर्यंतचा. मी पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली: येणाऱ्या प्रत्येक नोट ऑनचा, म्हणजे 'सूर सुरू कर' या निरोपाचा, वेग ९० करायचा आणि पुढे पाठवायचं. झालं भलतंच, वाजलेला एकही सूर थांबेना.

रात्री दहाला तुमचं दार वाजवलं. तुम्ही माझ्या कोडकडे पाहिलंही नाहीत. कीबोर्डकडून येणारे आकडे जसेच्या तसे दाखवणारी अमिडी ही कमांड चालवायला सांगितलीत आणि म्हणालात, "एकच पट्टी दाब, सोड, आणि काय येतं ते मोठ्याने वाच." मी वाचलं: ९० ३सी ४७. सोडल्यावर: ९० ३सी ००. पहिला आकडा निरोपाचा प्रकार, दुसरा पट्टी, तिसरा वेग; इथला पहिला ९० म्हणजे नोट ऑन, माझ्या वेगाचा ९० नव्हे. म्हणजे दोन्ही वेळा नोट ऑनच! मग तुम्ही समजावलंत की मिडी, म्हणजे वाद्यांनी एकमेकांना निरोप पाठवण्याची भाषा, १९८३ सालची, तार सेकंदाला ३१,२५० बिटांची. सोडण्याचा निरोपही 'ऑन, वेग शून्य' असा दिला तर पहिला बाइट पुन्हा पाठवावा लागत नाही, तेवढी जागा वाचते. माझी स्क्रिप्ट त्या शून्याचेही ९० करत होती. एक अट घातली आणि आईचे सूर वेळेवर थांबायला लागले.

गाण्याची पट्टी, म्हणजे सा कुठे धरायचा ते, बदलण्याची कल्पनाही तुमचीच. आईचा सा आयुष्यभर काळी एकवर. मंडळात मात्र कुणी काळी दोनला गातं, कुणी काळी चारला. सर्वांत खालचं सप्तक, मिडीच्या क्रमांकांनी ३६ ते ४७, तिच्या डाव्या हातासाठी राखून ठेवायला तुम्ही सांगितलंत. त्यातली काळी चार दाबली की ती नोट पुढे जात नाही, वरचं सगळं सात अर्धस्वर चढतं. भात्यातून सुटलेल्या हाताला पुन्हा काम मिळालं, याचा आईला झालेला आनंद मी शब्दांत कसा सांगू?

त्यातही एक खोड निघाली. सा धरलेला असतानाच तिने पट्टी बदलली, तर बोट उचलल्यावर थांबण्याचा निरोप नव्या सुराला जायचा आणि जुना वाजतच राहायचा. तेव्हाही तुम्ही उत्तर हातात दिलं नाहीत. "दाबताना कुठला सूर पाठवला होता, ते कोण लक्षात ठेवतंय?" एवढंच विचारलंत. मी रात्रभर बसले. आता प्रत्येक दाबलेल्या पट्टीपुढे तिचा पाठवलेला सूर लिहून ठेवते, आणि सोडताना तोच बंद करते. तुम्ही स्वतः लिहून दिली असतीत तर स्क्रिप्ट पंधरा मिनिटांत झाली असती. पण मग पुढच्या वेळी मी पुन्हा दारातच उभी असते.

केबल काढून लावली की कीबोर्डच्या पोर्टचा, म्हणजे लॅपटॉपमधल्या त्याच्या जोडणीचा, क्रमांक बदलतो, म्हणून आता तो नावाने शोधते. रीड ऑर्गन हा पेटीसारखा आवाज मिडीच्या वाद्यांच्या यादीत २१ वा, पण मोजणी शून्यापासून असल्यामुळे २० पाठवते. हे दोन्ही माझं मला सापडलं. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

परवाच्या एकादशीला 'जय जय रामकृष्ण हरी' सुरू झालं आणि आईने गजर चालू असतानाच काळी दोनवरून काळी चार केली. एकही सूर अडकला नाही. मंडळातल्या बायकांनी मागे वळून पाहिलं, आणि आई माझ्याकडे नाही, लॅपटॉपकडेही नाही, दाराशी चप्पल काढत असलेल्या तुमच्याकडे बघून हसली.

पुढच्या एकादशीला लवकर या. आईने पुढची जागा तुमच्यासाठी राखली आहे.

तुमची,
वरच्या मजल्यावरची, पेटीवाल्या बाईंची मुलगी