शुक्रवारच्या अंकात भरती-ओहोटीच्या वेळा छापा

मा. संपादक,
स. न.

मी टेम्पो ट्रॅव्हलर चालवतो. शनिवार-रविवारी पुण्याहून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरला सहली निघतात, त्यात माझी गाडी असते. बुकिंग करताना लोक सगळं विचारतात. एसी चालतो का, ताम्हिणीतून नेणार का, माणगावला ट्रॅफिक किती लागेल, जेवणात सुरमई मिळेल की पापलेट. भरती किती वाजता आहे, हे मात्र कोणी विचारत नाही.

मग काय होतं बघा. सकाळी सहाला निघालेली मंडळी दुपारी मुक्कामी पोचतात. जेवण, जरा आडवं होणं, चहा, आणि पाचला सगळे पाण्यात. समजा त्या दिवशी भरती तीनची आहे. पाणी उतरायला साधारण सहा तास लागतात, पण ते एकसारखं उतरत नाही, मधल्या दोन तासांत निम्मं पाणी बाहेर जातं. म्हणजे पाच ते सात ही नेमकी ओढीची वेळ, त्यात अंधार पडत आलेला. लाटा लहान दिसतात म्हणून माणूस कमरेइतक्या पाण्यात जातो आणि पायाखालची वाळू सरकायला लागली की पोहणाऱ्यालाही परत येणं जड जातं. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले 14 विद्यार्थी बुडाले. एवढं होऊनही आपण सहल ठरवतो ती रूम कधी मिळते त्यावर.

दिवेआगरला आम्ही उतरतो त्या घरचे आजोबा कॅलेंडर बघून भरती सांगतात. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी वरपर्यंत येतं आणि तितकंच लांब आत जातं. अष्टमी-नवमीकडे भांग, तेव्हा चढउतार कमी. हा अंदाज आहे, थोडं मागेपुढे होतं, पण काहीच माहीत नसण्यापेक्षा खूप बरा. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेला तर हे बघितल्याशिवाय जाऊच नये. पायऱ्या उतरून खाली खडकांवर आलं की वाट समुद्राच्या अगदी कडेने जाते. ती ओहोटीलाच करायची.

दुसरं, ड्रायव्हरला गाडी वाळूत घ्यायला लावू नका. ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी टणक वाटते, गाडी पळतेही छान. फोटोसाठी ती उभी केली की चाकाभोवती पाणी झिरपायला लागतं. रिव्हर्स टाकला की चाक जागेवर फिरतं आणि प्रत्येक फेऱ्याला आणखी खाली जातं. भरती चढत असेल तर ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी दारापर्यंत आलेलं असतं. इंजिनात खारं पाणी गेलं की त्या गाडीवर ज्याचं घर चालतं तो बुडतो. मी आता नाही म्हणतो. पण नव्या पोरांना गिऱ्हाईक तुटायची भीती वाटते, ते नाही म्हणू शकत नाहीत.

पावसाळ्यात मुंबईच्या साडेचार मीटरच्या भरतीच्या तारखा सगळीकडे छापून येतात. पुणेकर समुद्रावर जातो तो दिवाळीत, नाताळात, फेब्रुवारीत. तेव्हा त्याला कोणी काही सांगत नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग बंदरांची भरती-ओहोटीची कोष्टकं आधीच काढून ठेवतो, म्हणजे माहिती तयार आहे. आपण सूर्योदय-सूर्यास्त छापता. त्याच्याच खाली दर शुक्रवारी अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, हर्णै आणि गुहागरच्या शनिवार-रविवारच्या वेळा पुणे आवृत्तीत द्याव्यात, ही कळकळीची विनंती. नाताळच्या गाड्या आत्तापासून बुक व्हायला लागल्या आहेत, त्याआधी सुरू झालं तर फार उपयोग होईल.

आपला नम्र,
एक वाहनचालक, धनकवडी, पुणे