सर्व्हर फॉरमॅट मारू नकोस, आधी स्क्रीन वाच

प्रिय मित्रा,

तुझी व्हॉइस नोट ऐकली. लॅबमधली निम्मी मशीन चालू होतात, निम्मी होत नाहीत, उद्या दुसरीच बंद पडतात, आणि तू आता वैतागून रविवारी सर्व्हर फॉरमॅट मारून सगळं पहिल्यापासून टाकणार आहेस. नको रे बाबा असं करू. निम्मी मशीन बूट होतायत म्हणजे सर्व्हर जिवंत आहे, इमेज (मशीनांना पुरवली जाणारी ऑपरेटिंग सिस्टिम) धड आहे, आणि नवीन टाकून तू त्याच जागी परत येशील, वर मुलांच्या फाइली गेल्या म्हणून बोंब होईल ती वेगळीच.

आपल्या या डिस्कलेस (स्वतःची हार्डडिस्क न वापरता एलटीएसपी या सॉफ्टवेअरने सर्व्हरवरून चालू होणाऱ्या) मशीनचं एक बरं असतं, कुठे अडलं ते स्क्रीनवरच लिहून येतं. पण आपण काय करतो, काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं दिसली की लगेच रिस्टार्ट. तसं करू नकोस, मोबाइलने फोटो काढ. क्रम तुला माहितीय तरी परत सांगतो कारण सगळी गोम त्यातच आहे: आधी नेटवर्क कार्ड आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मागतं (हे देणंघेणं डीएचसीपीने होतं), मग टीएफटीपी या साध्या फाइल पाठवायच्या पद्धतीने एक छोटी फाइल ओढतं, ती फाइल म्हणजे आयपीएक्सई, पुढचं बूट करून देणारा छोटा प्रोग्राम, मग तो मेनू दाखवतो, कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) आणतो, मग कर्नल एनएफएसवरून (सर्व्हरची डिस्क नेटवर्कवरून वापरायची सोय) इमेज जोडतो आणि शेवटी लॉगिन येतं. जिथे थांबलं त्याच्या पुढचं काहीच तपासायचं नाही. लॉगिनपर्यंत पोचलेलं मशीन आणि आयपीच न मिळालेलं मशीन हे दोन वेगळे आजार आहेत, त्यांना एकच औषध देऊन चालत नाही.

पीएक्सईचे, म्हणजे कार्डातल्या नेटवर्क बूटचे, एरर नंबर तर पाठच करून टाक, आपण वापरतो ते जेमतेम चार आहेत. ई६१ म्हणजे केबलच लागलेली नाही किंवा मेलीय. ई५१ म्हणजे आयपी द्यायला कोणीच पुढे आलं नाही. ई५३ म्हणजे आयपी मिळाला पण कुठली फाइल उचलायची ते कोणी सांगितलं नाही. ई३२ म्हणजे फाइल कुठे आहे ते कळलं पण तिथून उत्तर येत नाही. आता ई५१ सगळ्या मशीनवर आला तर सर्व्हरवर आयपी वाटणारा डीएनएसमास्क हा प्रोग्राम चालू आहे का बघायचं, अपडेटनंतर तो कधीकधी उठतच नाही, आणि एकाच मशीनवर आला तर सर्व्हरकडे जायचंच नाही, ती केबल शेजारच्या चालू मशीनला लावून बघायची. ई३२ ला मी आधी फायरवॉल बघतो, टीएफटीपीचा ६९ नंबरचा यूडीपी पोर्ट तो अडवत नाही ना.

पण तुझ्या वर्णनावरून मला वेगळाच संशय आहे. "रोज वेगळी मशीन" म्हणालास ना, तिथेच माझे कान टवकारले. मागे तालुक्याच्या एका शाळेत अगदी असंच होतं, सकाळी पहिल्या तासाला सगळं ठीक आणि दुपारनंतर कोणतंही मशीन रिस्टार्ट केलं की नशिबावर. तिथल्या सरांनी रॅम बदलून पाहिली होती, स्विच बदलायचं कोटेशनही मागवलं होतं. झालं होतं असं की ऑफिसात वायफाय पाहिजे म्हणून कोणीतरी घरचा जुना राउटर आणला, आणि लॅबच्या स्विचमधून गेलेली केबल त्याच्या लॅन पोर्टात खोचली. राउटरला काय माहीत ही लॅब आहे म्हणून, तो बिचारा ज्याने विचारलं त्याला १९२.१६८.१ वाला आयपी वाटत सुटला. आपला सर्व्हर दोन नेटवर्क कार्डांचा, आतल्या बाजूला १९२.१६८.६७ वाले पत्ते देणारा. आता ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचं मशीन. सकाळी ठीक का, तर ऑफिस साडेदहाला उघडायचं आणि राउटर तेव्हा चालू व्हायचा!

आणि यातली खरी मेख म्हणजे मशीन बूट होताना आयपी एकदाच मागत नाही. कार्ड मागतं, मग आयपीएक्सई परत मागतो, मग कर्नल सुरू झाल्यावर तो पुन्हा मागतो. त्यामुळे एक मशीन पहिल्याच पायरीवर ई५३ देतं, दुसरं मेनूपर्यंत येऊन पडतं, तिसरं कर्नलचा लोगो दाखवून तासभर तसंच बसतं, आणि बघणाऱ्याला वाटतं हे तीन वेगळे प्रॉब्लेम आहेत. तिन्हीकडे कारण एकच, चुकीच्या माणसाने दिलेला पत्ता.

तपासायला सोपं आहे. जुन्या कार्डांवर बूट होताना क्लायंट आयपी, डीएचसीपी आयपी, गेटवे आयपी अशा ओळी येतात, त्यात डीएचसीपी आयपी आपल्या सर्व्हरचा नसेल तर चोर सापडला. नाही दिसलं तर सर्व्हरवर टीसीपीडंप (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा प्रोग्राम) डीएचसीपीच्या ६७ आणि ६८ पोर्टवर लावून ठेव आणि एक मशीन रिस्टार्ट कर, उत्तर देणारे दोघं दिसले की त्या दुसऱ्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) लिहून घे, पहिल्या तीन जोड्यांवरून कंपनी कळते आणि कंपनीवरून डबा ओळखता येतो. तेही नको असेल तर स्विचमधल्या केबली एकेक काढत जा, कुठली काढल्यावर भांडण मिटतं ते बघ. डबा सापडल्यावर त्याचं डीएचसीपी बंद करायचं किंवा त्याला सर्व्हरच्या बाहेरच्या कार्डाच्या बाजूला न्यायचं, बस. (तुझा सर्व्हर एकाच कार्डाचा असेल तर राउटरनेच आयपी द्यायचा असतो आणि सर्व्हर फक्त फाइलचं नाव सांगतो, प्रॉक्सी डीएचसीपी म्हणतात ते. तिथेही राउटर एकच पाहिजे.)

आता लाइटीचं. तुमच्याकडे पावसाळ्यात दिवसातून दोनदा जाते म्हणालास. सर्व्हर यूपीएसवर आहे, पण स्विच? लोक स्विचला विसरतात राव! लाइट आल्यावर सगळी मशीन एकदम उठतात, कार्ड साधारण मिनिटभर आयपी मागतं, ४, ८, १६, ३२ सेकंद अशी वाढती वाट बघतं आणि मग ई५१ टाकून गप्प बसतं. तेवढ्यात स्विच किंवा सर्व्हर उठला नसेल तर मशीन आपणहून परत विचारत नाही. तुझा स्विच मॅनेज्ड असेल तर आणखी भर, स्पॅनिंग ट्री (केबलींचा फेरा होऊ न देणारी स्विचची सोय) पोर्ट चालू करायला ३० सेकंद घेतो, ती वाट टाळायला पोर्टफास्ट हे सेटिंग लावून टाक. स्विचला यूपीएसवर घे आणि मुलांना सांग लाइट आल्यावर पाच मिनिटं बटणाला हात लावायचा नाही, ऐकणार नाहीत ते सोड.

जुन्या मशीनचा सेल गेला की बायोस मूळ सेटिंगवर जातो, नेटवर्क बूट बंद आणि घड्याळ कुठल्यातरी जुन्या साली. सीआर२०३२ सेल डझनाने आणून ठेव, माझ्या मते लॅबमधला पैशाला सगळ्यात जास्त पुरणारा पार्ट तोच.

देणगीत आलेली नवीन मशीन म्हणालास, ती यूईएफआयवाली (बायोसची नवी पिढी) असणार. त्यांना आयपीएक्सईची जुनी अनडीआयओनली फाइल चालत नाही, ईएफआयवाली लागते, आणि बायोसमध्ये नेटवर्क स्टॅक चालू, सिक्युअर बूट बंद. फाइल डाउनलोड झाली असं स्वतःच सांगून पुढे काळोख, तर बहुतेक यातलंच काहीतरी. आणि ते दोन फार जुने डबे ३२ बिटचे असतील तर त्यांना आता निरोप दे, ६४ बिटची इमेज त्यांच्यावर चढत नाही, एक्स८६-६४ सीपीयू पाहिजे असं कर्नलच तोंडावर सांगतो.

कर्नल सुरू होऊन स्क्रीन काळी पडते त्या मशीनला एलटीएसपी डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये त्याच्या मॅक पत्त्याखाली नोमोडसेट (ग्राफिक्ससाठीचा कर्नलचा पर्याय) टाकून बघ. टाकलंस की एलटीएसपी आयपीएक्सई कमांड परत चालवायची, नाहीतर मशीनला ते कळतच नाही. नवीन विद्यार्थ्यांची अकाउंटं केलीस आणि त्यांना लॉगिन मिळत नाही म्हणालास ना, त्यासाठी एलटीएसपी इनिटआरडी कमांड परत चालव, युजरची यादी इनिटआरडीतून जाते. पासवर्ड बरोबर असून लॉगिन परत मागे येत असेल तर मात्र सर्व्हरची डिस्क भरलीय का बघ, मुलं पिक्चर साठवतात.

आणखी एक, सगळी लॅब एकदम गार पडली आणि स्विचचे सगळे दिवे एका तालात लुकलुकतायत असं दिसलं तर कोणीतरी एकाच केबलची दोन्ही टोकं स्विचमध्ये घातलीयत. लोंबकळणारी केबल दिसली की आवरून ठेवणारे शिस्तप्रिय लोक असतात, त्यांची कृपा.

मशीन चालतात पण रडत चालतात त्याचं वेगळं बोलू. सर्व्हर गिगाबिट आणि काही मशीन १०० एमबीपीएसवर अशी खिचडी असेल तर फ्लो कंट्रोलमुळे (समोरच्याला जरा थांब म्हणायची सोय) एक हळू मशीन बाकीच्यांनाही रखडवतं, ते बंद करता येतं. "एनएफएस सर्व्हर नॉट रिस्पाँडिंग, स्टिल ट्रायिंग" असं येत असेल तर पहिली शंका केबलवर घे, उंदरांनी कुरतडलेली किंवा धड क्रिंप न केलेली. तसंही एलटीएसपी २०१९ ला नव्याने लिहिल्यापासून सगळं काम मशीनवरच होतं, पूर्वीसारखं सर्व्हरवर होऊन नुसतं चित्र येत नाही, त्यामुळे हळू आहे म्हणून सर्व्हरची रॅम वाढवायचा खर्च मुख्याध्यापकांच्या गळ्यात मारू नकोस, पैसे असतील तर मशीनची वाढव.

तर रविवारी फॉरमॅट कॅन्सल. ऑफिसात, स्टाफरूममध्ये, लायब्ररीत जाऊन कुठे नवीन डबा लुकलुकतोय का बघून ये, आणि शाळेला नवीन वायफाय कधी आलं हे शिपाईकाकांना विचार, त्यांना सगळं माहीत असतं. बंद पडलेल्या तीन-चार मशीनच्या स्क्रीनचे फोटो पाठव, अर्धवट नको, वरच्या ओळीसकट. शनिवारी सकाळची शाळा सुटली की फोन कर, पण स्विचजवळ उभा राहून कर, मागच्या वेळी घरून केला होतास आणि मी केबल काढ म्हटलं तर तू म्हणालास कुठली.

तुझाच