क्लॅरिनेट बेसूर नाही, रीडचे हाल आहेत

मा. संपादक, स.न.वि.वि.

लग्नसराई आली की बँडवाल्यांवर टीका सुरू होते, कर्कश वाजवतात, चिरकतात वगैरे. खापर वाजवणाऱ्यावर फुटतं पण खरं दुखणं बऱ्याचदा क्लॅरिनेटच्या त्या अडीच-पावणेतीन इंची रीडचं, म्हणजे फुंकल्यावर थरथरून आवाज काढणाऱ्या पातळ पट्टीचं असतं आणि त्यावर कोणी बोलतच नाही, म्हणून लिहितोय. मास्टर इब्राहिमच्या क्लॅरिनेटवर सिनेमाची गाणी ऐकलेल्यांना हे वाद्य किती गोड वाजतं ते सांगायला नको.

आपल्याकडे एकदा माउथपीसवर (तोंडात धरायच्या भागावर) चढवलेली रीड फुटेपर्यंत तीच चालवतात. वाजवून झालं की ओलीच ठेवून वर टोपण आणि पेटी बंद, मग पावसाळ्यात बुरशी नाही धरणार तर काय! शाळांच्या बँडमधे तर तीच रीड दोन-तीन मुलांच्या तोंडात जाते, हे आधी बंद करा.

रीड बांबूच्या जातकुळीतल्या गवताची असते, फ्रान्सच्या दक्षिणेकडची नावाजलेली. पाणी पिते, सुकते, वाकडी होते. म्हणून तीन-चार रीड्सवर पेन्सिलीने नंबर टाकून आलटून पालटून वापरायच्या, नवी असेल तर पहिले काही दिवस पाच-दहा मिनिटंच. वाजवायच्या आधी भिजवा, टोकाला लाटा दिसल्या तर त्या बसेपर्यंत थांबा. नंतर पुसताना बोट टोकाच्या दिशेनेच, उलटं पुसलं की टोक गेलंच समजा, आणि सपाट बाजू काचेवर ठेवून सुकवा. काचेवर डुगडुगली तर तिथेच 600 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून टोकावर दाब न देता हलकेच घासा.

आवाज कोंदट येत असेल तर रीडची एक कड ओठातून मोकळी राहील असं माउथपीस जरा वळवून फुंकायचं, मग दुसरी कड. जी कड मोकळी असताना आवाज दबतो ती जाड, तेवढीच बाजू अगदी नावापुरती घासायची आणि परत वाजवून बघायचं, घाई केली की रीड वाया. शिकाऊ मुलांना कडकपणाचा दोन किंवा अडीच नंबर पुरे, उगाच कडक रीड देऊन पोरांचे ओठ सोलू नका. प्लास्टिकच्या रीडला भिजवायची कटकट नाही, उन्हातान्हात वरातीत वाजवणाऱ्यांना ती सोयीची, पण महाग.

बँडमालकांनी सीझनच्या आधी प्रत्येक वादकाला निदान चार रीड्स द्याव्यात आणि शाळांनी गणवेशाच्या खर्चातच प्रत्येक मुलाच्या स्वतःच्या रीडचे पैसे धरावेत, एवढीच विनंती.

– एक क्लॅरिनेटवादक, सांगली