उणे दोन कोटींच्या ठेवी

प्रिय ताई,

मार्चअखेरीला पतसंस्थेच्या चाचणी ताळेबंदात एकूण ठेवी उणे दोन कोटी दिसल्या आणि मी रात्री साडेदहाला तुम्हाला फोन लावला. तुम्ही कंपनी सोडून दोन वर्षं झाली होती. तरी "स्क्रीन शेअर कर" म्हणालात. त्या रात्रीचे आभार मला चारचौघांत मानायचे आहेत, कारण तुम्ही दाखवलंत ते इतरांच्याही कामाचं आहे.

अपूर्णांकांची भानगड नको म्हणून आमच्या जावा प्रोग्राममध्ये रक्कम आम्ही पैशांत ठेवली होती. ते बरोबरच होतं. पण बेरजेचं व्हेरिएबल, म्हणजे आकडा साठवायची जागा, 32 बिटांचा इंट (पूर्णांकांचा लहान प्रकार) होता. त्यात जास्तीत जास्त 2,14,74,83,647 मावतात, म्हणजे 2 कोटी 14 लाख 74 हजार 836 रुपये 47 पैसे. तुम्ही म्हणालात, "यात एक पैसा टाकून बघ." टाकला. आकडा थेट उणे 2,14,74,836.48 झाला. ना एरर, ना इशारा.

मी बेरीज लाँगमध्ये (64 बिटांच्या मोठ्या प्रकारात) केली आणि सुटले असं समजले. तुम्ही मात्र व्याजाचं नवं मॉड्यूल उघडायला लावलंत. उत्तर लाँगमध्ये जात होतं, पण मुद्दल आणि दिवस दोन्ही इंट! जावात असा गुणाकार इंटमध्येच होतो. लाँगपर्यंत पोहोचतं ते आधीच बिघडलेलं उत्तर. पाच लाखांची ठेव म्हणजे 5 कोटी पैसे, गुणिले 365 म्हणजे 1,825 कोटी. ते इंटमध्ये मावलं नाही आणि आले 107 कोटी 1 लाख 30 हजार 816. त्यावर 8 टक्क्यांनी व्याज निघालं 2,345 रुपये. हवे होते 40,000. उणे आकडा कुणाच्याही डोळ्यांत भरला असता, हा अधिक होता. आम्ही चाचणी दहा हजारांच्या ठेवीवर केली होती, तिथे सगळं जुळायचं.

मग तुम्ही मल्टिप्लायएक्झॅक्ट आणि अ‍ॅडएक्झॅक्ट ही गुणाकार-बेरजेची तयार फंक्शन्स वापरायला लावलीत. जावा 8 पासून ती आहेत, पण माझ्या कधी ध्यानातच आली नव्हती. आकडा मावला नाही की प्रोग्राम तिथेच थांबतो. व्याजाच्या हिशेबात मला हेच हवं. सी भाषा वापरणाऱ्यांना तुमचं आणखी एक सांगणं पोहोचवते: आकडा मावेल का, ही तपासणी बेरजेच्या आधी करा. बेरीज करून मग उत्तर उणे आलं का पाहिलंत, तर कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) ती तपासणीच काढून टाकू शकतो.

फोन ठेवला तेव्हा पावणेदोन वाजले होते आणि तुम्हाला सकाळी मुलाला शाळेत सोडायचं होतं. एकदाही "एवढं कसं कळलं नाही" म्हणाला नाहीत. ताई, मनापासून आभार.

तुमची,
जुन्या टीममधली धाकटी