लॅबमधल्या ताईंना, माझ्या लेकीचे एक टोचणे वाचवल्याबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, निदानानंतर ज्या सहा वर्षांच्या मुलीच्या रक्ताची जीन एक्स्प्रेशनची (कोणती जनुके किती काम करत आहेत याची) तपासणी आपण केलीत, तिची मी आई. अहवालावर सही डॉक्टरांची असते, त्यामुळे नळी प्रत्यक्ष हाताळणारे माणूस नातेवाइकांना सहसा कळत नाही. आपले नाव मला ठाऊक आहे, पण आपल्या परवानगीवाचून ते येथे लिहीत नाही.

आधी काय घडले ते सांगितल्याशिवाय आपण काय केलेत हे इतरांना समजणार नाही. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी तिच्या कमरेच्या हाडातून बोन मॅरो (अस्थिमज्जा) काढला, तेव्हा तिला धरून ठेवायला तिघे लागले. तो मॅरो हिरव्या बुचाच्या, हेपरिनच्या नळीत भरला गेला. हेपरिन रक्त गोठू देत नाही, पण त्यामुळे पीसीआर, म्हणजे जनुकांच्या प्रती वाढवून ती तपासण्याची पद्धत, अडते, हे या कामातल्या माणसाला माहीत असायला हवे. वर ती नळी शनिवारपासून सोमवारपर्यंत टेबलावर पडून राहिली. ‘नमुना अयोग्य’ एवढे दोन शब्द छापलेला कागद आमच्या हाती आला आणि विचारायला गेलो, तर मान वर न करता ‘सॅम्पल पुन्हा आणा’ असे सांगण्यात आले. चूक कोणाच्याही हातून होते. पण लेकराला पुन्हा सुई सोसावी लागणार याचे तिथे कोणालाच काही वाटले नाही, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

मुंबईत पोहोचलो तोवर तिच्या पांढऱ्या पेशी एक लाखाच्या वर गेल्या होत्या आणि उपचार लगेच सुरू करणे भाग होते. त्याआधी तपासणीसाठी मॅरो पुन्हा काढायचे ठरले होते. तेवढ्यात वॉर्डात आपला फोन आला. आपण दोनच गोष्टी विचारल्यात, असे डॉक्टरांनी नंतर मला सांगितले: स्टेरॉइड सुरू केले आहे का, आणि रक्ताच्या स्मिअरमध्ये (काचपट्टीवर पसरलेल्या थेंबात) ब्लास्ट, म्हणजे कर्करोगाच्या अपक्व पेशी, किती आहेत. स्टेरॉइड सुरू झाले की ब्लास्ट पेशी झपाट्याने मरू लागतात आणि मग मोजायला हाती काही उरत नाही. ते सुरू झालेले नव्हते, आणि तिच्या रक्तात बहुतेक पेशी ब्लास्टच होत्या. ‘मग मला हाताच्या शिरेतले रक्त पुरेल, माझ्या तपासणीसाठी बाळाला पुन्हा मॅरोला टोचू नका,’ असे आपण म्हणालात.

हे आपल्याला कोणी विचारले नव्हते. मागणीपत्रावर ‘बोन मॅरो’ असे लिहिलेले होते आणि ते येईपर्यंत आपण स्वस्थ बसला असतात, तरी आपल्याला कोणी बोल लावला नसता. थोड्या वेळाने आपण स्वतः वर आलात, जांभळ्या बुचाची, हेपरिन नसलेली नळी हातात घेऊन हळुवारपणे पुन्हापुन्हा उलटीसुलटी केलीत, लेबलवर रक्त काढल्याची वेळ लिहिलीत, थंड डब्यात ठेवलीत आणि लगोलग जिन्याकडे वळलात. माझ्याशी आपण बोललादेखील नाहीत. मला त्या क्षणी बोलण्यापेक्षा आपल्या त्या चालण्याच्या वेगाचाच आधार वाटला.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून या घाईचे मोल मला थोडेफार कळते. शरीरातल्या जवळजवळ सर्व पेशींत जनुके तीच असतात. त्यांतली कोणती काम करत आहेत आणि किती जोरात, हे आरएनएवरून, म्हणजे चालू जनुकांच्या पेशीत तयार होणाऱ्या नकलांवरून, कळते, आणि हा आरएनए अंगणातल्या रांगोळीसारखा असतो, जरा दुर्लक्ष झाले की पुसला जातो. आपल्या बोटांवर असलेली विकरेसुद्धा त्याचे तुकडे करतात. १९९९ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी ३८ रुग्णांच्या मॅरोमधील हजारो जनुकांची मोजणी करून, केवळ तेवढ्यावरून लिम्फॉइड आणि मायलॉइड हे ल्युकेमियाचे दोन प्रकार वेगळे ओळखता येतात हे दाखवले. २००२ मध्ये मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयाने ३६० मुलांच्या नमुन्यांवरून लिम्फॉइड ल्युकेमियाचेच वेगवेगळे उपप्रकार ओळखले. हे वाचताना मला राहून राहून वाटत होते, की त्यांतला प्रत्येक नमुना कोणीतरी वेळेवर, जपून उचलला असणार, आणि त्या हातांची नावे कोणत्याही शोधनिबंधात नसणार.

माझ्या लेकीच्या नेहमीच्या तपासणीत बीसीआर-एबीएलचा जोड, म्हणजे बीसीआर आणि एबीएल ही दोन जनुके चुकून एकमेकांना चिकटल्याची खूण, सापडला नव्हता. तरीही तिच्या पेशींतली जनुके मात्र तो जोड असल्यासारखीच वागत होती. असा गट असतो हे २००९ मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिका येथील दोन संशोधक गटांनी जनुकांच्या याच मोजमापातून दाखवून दिले. आपल्या अहवालातला हा कल पाहून डॉक्टरांनी पुढचा शोध घेतला, तेव्हा एबीएल वर्गातल्याच दुसऱ्या एका जनुकाचा जोड सापडला आणि केमोथेरपीच्या जोडीला त्यावर नेमकी चालणारी गोळी सुरू करता आली. तो नमुनाही खराब झाला असता, तर हे आम्हाला कधी आणि कोणत्या अवस्थेत कळले असते, याचा विचार मी करू शकत नाही.

सध्या ती मेंटेनन्सच्या, म्हणजे आजार परतू नये म्हणून दीर्घकाळ चालणाऱ्या उपचारांच्या, टप्प्यावर आहे. केस परत आले आहेत, आणि वेणी घालून दे म्हणून रोज सकाळी माझ्यामागे लागते. उपचार अजून बरेच बाकी आहेत, रक्ताच्या प्रत्येक अहवालाची भीती वाटते, परंतु अहवाल चुकीचा असेल ही भीती आता वाटत नाही.

तिच्या रक्तातून काढलेला आरएनए थोडा शिल्लक आहे असे समजले. तो संशोधनासाठी जपून ठेवण्याच्या संमतीपत्रावर आम्ही दोघांनी सही केली आहे. तो ज्या कोणाच्या कामी येईल, त्यांच्यासाठीही तो आपणच हाताळावा, एवढीच विनंती.

आपली कृतज्ञ,
तिची आई